साधूची छबी कोणाची?

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या विणकर वस्त्यांत भिंतीवर एखाद्या सत्पुरुषाची तसबीर नसलेले घर शोधावे लागते. कुठे बाळेकुंद्रीचे पंत महाराज, कुठे अनगोळच्या हरिमंदिराच्या कलावतीआई, कुठे हुबळीचे सिद्धारूढ स्वामी, तर अलीकडे विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी. घरात मराठी बोलत असोत की कानडी, ही भिंत दोघांची एकच. याच घरांतल्या मोबाइलवर आता सत्पुरुषांची आणि हयात साधूंची छायाचित्रे रोज येतात आणि तशीच पुढे जातात. पूजेला बसलेले साधू, प्रवचन करणारे, जेवणारे, झोपलेले, दवाखान्यातल्या खाटेवर नळ्या लावलेले.

यातले कोणते छायाचित्र पुढे पाठवावे, कोणते पाठवू नये, आणि हे ठरवायचे कोणी, या प्रश्नावर भक्तमंडळींत, मठांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि न्यायालयांतही बोलले जात आहे. ते बोलणे कुठवर आले आहे, ते इथे पाहू.

तसबिरीआधीचा काळ आणि नंतरचा

संतांची चित्रे आपल्याकडे छायाचित्रणाच्या आधीपासून आहेत. पण ज्ञानेश्वर-तुकारामांचे कोणतेही चित्र त्यांचा चेहरा जसाच्या तसा दाखवत नाही. ते चित्रकाराच्या आणि भक्ताच्या मनातले रूप असते. त्यात संताकडून काही घेतले गेलेले नाही. कॅमेरा आला आणि हे बदलले.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. विल्यम जॉन्सन या मुंबईकर छायाचित्रकाराने पुढच्या काही वर्षांत इथल्या जातीजमातींचे संग्रह काढले, आणि १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने भारतीय लोकांचे आठ खंडांचे चित्रसंग्रह प्रसिद्ध केले. अशा संग्रहांत गोसावी-बैरागी येतात ते एका वर्गाचा नमुना म्हणून. समोरच्या माणसाचे नाव, गुरू, संप्रदाय काय, हे बहुधा विचारलेले नसते. साधूचे चित्र त्याला न विचारता घेण्याची सवय या कामाइतकीच जुनी आहे. आज प्रयागच्या घाटावर नागा साधूच्या तोंडासमोर भिंग धरणारा पर्यटक तीच सवय पुढे चालवतो.

दुसरा धागा भक्तीचा. रामकृष्ण परमहंसांची हयातीतली तीनच छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी पद्मासनातले, जे आज जगभर पूजेत आहे, ते दक्षिणेश्वरला १८८३-८४ च्या सुमारास घेतले गेले. परंपरेत सांगतात ते असे: रामकृष्ण आधी राजी नव्हते. मग ईश्वराच्या गोष्टी निघाल्या, त्यांची समाधी लागली आणि त्या अवस्थेत छायाचित्र घेतले गेले. नंतर ते पाहून त्यांनी ही मूर्ती घरोघरी पुजली जाईल असे म्हटले, असेही सांगतात. म्हणजे घेतानाची संमती नाही, नंतरची मान्यता आहे. आजच्या वादातली अर्धी गुंतागुंत या एका प्रसंगात आहे. १६ ऑगस्ट १८८६ ला त्यांनी देह ठेवल्यावर काशीपूरला देहासह शिष्यांचे छायाचित्र घेतले गेले, हेही या इतिहासात धरावे लागते.

काशीच्या लाहिरी महाशयांची गोष्ट उलट टोकाची. त्यांना छायाचित्र काढून घेणे रुचत नसे. त्यांच्या इच्छेविरुद्ध घेतलेल्या काचांवर त्यांची आकृती उमटलीच नाही, असे योगानंदांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. चमत्कार मानणे न मानणे वाचकावर सोडू. पण साधू आपल्या छबीला नाही म्हणू शकतो आणि ते नाही मानले जावे, ही अपेक्षा भक्तपरंपरेच्या आतूनच आलेली आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

शिर्डीच्या साईबाबांचीही मोजकीच छायाचित्रे मिळतात. श्यामराव जयकरांनी त्यांचे चित्र त्यांच्या हयातीत काढले. समाधिमंदिरातली बाळाजी तालीम यांची संगमरवरी मूर्ती १९५४ ची, म्हणजे बाबांनी देह ठेवल्याला ३६ वर्षे झाल्यावरची. तिरुवण्णामलैचे रमण महर्षी मात्र कॅमेऱ्यासमोर सहज बसत. एप्रिल १९५० मध्ये त्यांच्या अखेरच्या दिवसांत फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिए-ब्रेसाँ आश्रमात होता. मुंबईच्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज विडी ओढताना छायाचित्रांत दिसतात. स्वतः विडीचे दुकान चालवलेल्या या माणसाला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. तंबाखूवर उभ्या राहिलेल्या निपाणीतल्या भक्ताला ते छायाचित्र खटकणार नाही. दुसऱ्या कोणाला खटकेल आणि तो विडी पुसून टाकेल. तसे पुसणे हाही साधूवर अन्यायच आहे, असे मला वाटते. लपवाछपवी न करणाऱ्याच्या छबीत आपण लपवाछपवी करू नये.

कायद्यात काय आहे

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असेही त्या निकालात आहे. घाटावर, रथयात्रेत किंवा मठाच्या ओसरीवर बसलेल्या साधूला हे वाक्य लागू पडते.

मग संन्याशाला हा हक्क आहे का? विरजा होम आणि स्वतःचे श्राद्ध करून जो पूर्वाश्रम सोडतो, तो घराला आणि मालमत्तेला पारखा होतो, हे हिंदू कायद्याने पूर्वीपासून मानले आहे. पण तो परिणाम वारसा आणि मिळकतीपुरता. घटनेचे २१ वे कलम व्यक्तीच्या जीविताचे रक्षण करते, आणि संन्यासी व्यक्ती आहेच. त्याने घर सोडले म्हणून त्याच्या झोपलेल्या, आजारी देहावरही सर्वांचा हक्क झाला, असा अर्थ कोणत्याही निकालातून काढता येणार नाही.

प्रत्यक्ष संरक्षण मात्र विरळ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ई हे कलम संमतीशिवाय शरीराच्या गुप्त भागांचे चित्र घेणे व पसरवणे हा गुन्हा ठरवते आणि ते स्त्री-पुरुष दोघांना लागू आहे. पण ज्या परिस्थितीत खासगीपणाची अपेक्षा करता येते तेवढ्यापुरतेच. उघड्यावर दिगंबर फिरणाऱ्या साधूबाबत ते कितपत चालेल, याचे उत्तर स्पष्ट नाही. भारतीय न्याय संहितेतले चोरून पाहण्याविषयीचे ७७ वे कलम फक्त स्त्रियांसाठी आहे. २०२५ च्या महाकुंभात स्नान करणाऱ्या स्त्रियांच्या चित्रफिती पसरवणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले, ते योग्यच झाले.

२०२३ चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आणि त्याचे नोव्हेंबर २०२५ मधले नियम इथे फार कामाचे नाहीत, कारण व्यक्तीने घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळला आहे, आणि माणसाने स्वतः जगजाहीर केलेली माहितीही. छायाचित्राचा स्वामित्वहक्क तर मुळात काढणाऱ्याचा असतो, आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ज्याचा चेहरा आहे त्याचा त्यावर कागदोपत्री काही हक्क नसतो.

एक हक्क अलीकडे वेगाने मान्य होतो आहे तो व्यक्तिमत्त्वाचा. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये जग्गी वासुदेव आणि ऑगस्ट २०२५ मध्ये श्री श्री रविशंकर यांच्या बाजूने, त्यांची कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बनावट चित्रे व चित्रफिती हटवण्याचे आदेश दिले. या आदेशांनी नाव, चेहरा आणि आवाज यांची फसवी विक्री थांबते. मात्र ज्यांची छबी आधीच जगभर गेली आहे त्यांचे हे रक्षण आहे. ज्याला छबीच नको, त्याचा प्रश्न यातून सुटत नाही.

दर्शन सर्वांचे, असे मानणारे

सर्वांत मोठा गट भक्तांचा आहे आणि त्याची बाजू हलकी नाही. पाहणे हीच आपल्या भक्तीची पहिली पायरी. रवी वर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्याही घरात देव आले. संतांच्या तसबिरींनीही तेच केले. वडगावातली अंथरुणाला खिळलेली म्हातारी विजयपूरला जाऊ शकत नाही. नातवाने मोबाइलवर दाखवलेले स्वामीजींचे रूप पाहून ती हात जोडते. त्या हातांना अडवण्याचा अधिकार कोणाला, असे हे लोक विचारतात. साधू समाजाचा असतो, त्याने 'माझे' असे काही ठेवलेले नसते, मग छबी तरी त्याची कशी, हा त्यांचा युक्तिवाद.

यात एक गोष्ट निसटते. देवळातही दर्शनाला वेळ असते. नैवेद्याच्या वेळी पडदा ओढतात, शेजारतीनंतर देव निजतो आणि कोणी दार ठोठावत नाही. कर्नाटकच्या मुजराई खात्याने २०२३ मध्ये आपल्या देवळांत मोबाइल वापरायला बंदी केली, ती भक्तांनी फारशी कुरकुर न करता स्वीकारली. शबरीमलेच्या खटल्यात देवतेलाही खासगीपणाचा हक्क असावा, असा युक्तिवाद झाला होता. २०१८ च्या निकालात तो टिकला नाही, पण तो करावासा वाटला यातच आपली मूळ जाणीव दिसते. दगडाच्या मूर्तीच्या झोपेचा जो मान आपण राखतो, तो श्वास घेणाऱ्या साधूच्या झोपेला का नाही, याला या गटाकडून समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

एकांत हीच साधना, असे मानणारे

या बाजूचा आधार जुना आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पहिले येते ते अमानित्व. त्यावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी असा पुरुष रंगवला आहे, जो ज्ञानाने बृहस्पतीच्या तोडीचा असूनही लोकांनी थोर म्हणू नये म्हणून वेडाचे पांघरूण घेतो. कीर्ती ही अशा माणसाला अडचण वाटते. मग त्याचा चेहरा हजारो घरांत पोचवणे ही त्याची सेवा, की त्याच्या साधनेत घातलेली धोंड?

सीमाभागाला हे परके नाही. विजयपूर जिल्ह्यातल्या इंचगेरीच्या भाऊसाहेब महाराजांच्या परंपरेत नाम एकांतात दिले जाते आणि ते बाहेर सांगायचे नसते. याच परंपरेतले गुरुदेव रा. द. रानडे जमखंडीचे. त्यांचे काम पुढे नेणारी संस्था वडगावापासून जवळ, हिंदवाडीत आहे. महाराष्ट्रातल्या भक्तिपरंपरेवर १९३३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिणारा हा प्राध्यापक स्वतःच्या साधनेविषयी फार जपून बोले. गाडगेबाबांचे तर माहीतच आहे. लोक पाया पडायला लागले की ते तिथून निघत. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचा गुरू नाही, हे ते बजावून सांगत. तरीही त्यांचे वांद्र्याचे १९५६ चे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आणि ते आज ऐकायला मिळते, याबद्दल आपण कृतज्ञच असतो.

सर्वांत बोलके उदाहरण सिद्धेश्वर स्वामींचे. विजयपूरचे हे स्वामी कानडी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत प्रवचन करत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांचे श्रोते होते. खिसा नसलेला सदरा ही त्यांची ओळख. २०१८ मध्ये केंद्राने पद्मश्री जाहीर केली तेव्हा संन्याशाला पुरस्काराची गरज नाही असे नम्रपणे कळवून त्यांनी ती नाकारली. त्याच्या कितीतरी आधी, २०१४ च्या गुरुपौर्णिमेला, त्यांनी आपले अखेरचे पत्र लिहून ठेवले होते. देह जमिनीत ठेवू नये, अग्नीला द्यावा, रक्षा नदीत वा समुद्रात सोडावी, श्राद्धादी विधी करू नयेत, स्मारक बांधू नये. २ जानेवारी २०२३ ला त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी लाखोंनी दर्शन घेतले आणि मग त्यांच्या शब्दाप्रमाणे अग्निसंस्कार झाला. शब्द पाळला गेला, आणि त्याबद्दल आश्रमाला मान द्यायला हवा.

पण स्मारक नको म्हणणाऱ्याची छबी त्याच आठवड्यापासून चौकाचौकांतल्या फलकांवर लागली. त्या पत्राचे हे उल्लंघन झाले का? काही भक्त म्हणतात, पत्रात छायाचित्राचा उल्लेख नाही, आणि प्रवचनांच्या चित्रफिती तर त्यांच्या हयातीतच प्रसारित होत होत्या. दुसरे म्हणतात, खूण मागे ठेवायची नाही हा पत्राचा भाव आहे आणि फलक ही खूणच. माझा कल मधला आहे. प्रवचन करतानाचे रूप त्यांनी लोकांपुढे स्वतः ठेवले होते. ते ठेवावे, पाहावे. अखेरच्या आजारातले रूप त्यांनी लोकांपुढे ठेवले नव्हते, ते पुढे पाठवायला आपल्याकडे काहीच कारण नाही.

मठ आणि संस्था

मठांची भूमिका या दोन्हींहून वेगळी, व्यवहाराची आहे. अधिकृत छायाचित्र एक असावे, त्याची विक्री मठाने करावी, बनावट उदी-ताईत विकणाऱ्याने ते वापरू नये. तक्रार रास्त आहे. स्वामींच्या चेहऱ्याखाली औषधे आणि भविष्ये विकली जातात आणि फसतो तो भोळा माणूस. पण संस्थेचे हित आणि साधूची इच्छा नेहमी एक असेल असे नाही. देणगीच्या आवाहनासाठी वृद्ध, थकलेल्या गुरूला कॅमेऱ्यापुढे बसवणारी मंडळी शिष्यांतच असतात. तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी वयाच्या १११ व्या वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये गेले. त्याआधी त्यांच्या चेन्नईतल्या उपचारांची बातमी दिवसागणिक येत होती. एवढ्या वयाच्या, क्षीण झालेल्या माणसाच्या वतीने हो किंवा नाही कोण म्हणते, हे बाहेरच्याला कळत नाही.

समाजाला पाहू द्या, असे म्हणणारे

पत्रकार आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांचा मुद्दा वेगळ्या जागी आहे. गादीवर बसलेल्या माणसाकडे पैसा, जमीन आणि मते वळवण्याची ताकद असते. खासगीपणाचा पडदा अशा ठिकाणी शोषणाला आडोसा देऊ शकतो. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, कर्नाटकचा २०१७ मध्ये संमत होऊन २०२० मध्ये लागू झालेला. या कायद्यांखाली गुन्हा सिद्ध करायचा तर अनेकदा चित्रफीत हाच पुरावा असतो. बुवाने बाईला मारहाण केल्याचे चित्रीकरण हा त्याच्या खासगीपणाचा भंग, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

अडते ते पुढे. पुरावा पोलिसांकडे देणे आणि तोच दिवसभर वाहिनीवर फिरवणे यांत फरक आहे. कर्नाटकातल्या एका आश्रमाच्या प्रमुखाची खासगी चित्रफीत मार्च २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवली गेली तेव्हा हा वाद झाला होता. त्यात लोकहित किती आणि कुतूहल किती, यावर अजूनही एकमत नाही. या गटाला मी एवढेच विचारीन की सत्ता नसलेल्या, झाडाखाली बसणाऱ्या बैराग्याला तुम्ही कोणत्या रांगेत बसवता? बहुतेक साधू त्या रांगेतले आहेत.

न सुटलेले

मौनी, समाधिस्थ किंवा व्यवहाराचे भान सुटलेल्या अवधूताची संमती कशी घ्यावी? दक्षिणेश्वरला समाधीतल्या रामकृष्णांच्या छायाचित्राने उभा केलेला प्रश्न तसाच आहे. शिष्याची परवानगी पुरेशी मानली जाते, पण शिष्य गुरूचा पालक नव्हे.

नग्नतेचा प्रश्न आपल्या भागात रोजचा आहे. भोजचे आचार्य शांतिसागर, सदलग्याचे आचार्य विद्यासागर हे याच पट्ट्यातले दिगंबर जैन मुनी. विषय हिंदू साधूंचा असला तरी निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावरून विहार करणारे मुनी आणि कुंभातले नागा यांची अडचण सारखीच आहे. व्रत म्हणून वस्त्र सोडलेल्याचे चित्र व्रत न समजणाऱ्यापुढे गेले की ते टिंगलीचे होते. जैन समाजाने बैठकीतली छायाचित्रे वापरण्याचा प्रघात बऱ्याच अंशी पाडला आहे. आखाड्यांना असे काही ठरवता येईल का?

मुलांचे तर अधिक काळजीचे. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागला एका अल्पवयीन मुलीला आखाड्यात घेतल्यावर टीका झाली आणि तिला घेणाऱ्या महंतावर आखाड्याने कारवाई केली. तोवर तिची छायाचित्रे देशभर गेली होती. महाराष्ट्रात बालकीर्तनकारांच्या चित्रफितींखाली जे लिहिले जाते ते कोणा मोठ्यालाही सोसवणार नाही. मूल साधू असो वा नसो, ते आधी मूल आहे. इथे मला दुसरी बाजू दिसत नाही.

देह ठेवल्यानंतर काय? खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारशाने मिळत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जयललितांवरच्या चित्रपटाच्या प्रकरणात म्हटले. साईबाबा किंवा अक्कलकोटच्या स्वामी समर्थांना हलवणाऱ्या, बोलवणाऱ्या कृत्रिम चित्रफितींना मग कोण हरकत घेणार? विदा संरक्षण कायद्यात मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी माणूस नेमण्याची सोय आहे. एखादा स्वामी त्याखाली शिष्य नेमू शकेल, असे दिसते. पण पूर्वाश्रमीचे नातेवाईक आणि मठ यांत वाद झाला तर कोणाचे चालेल, हे कुठल्याही न्यायालयापुढे अजून कसाला लागलेले नाही.

नाशिकच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरले आहे आणि अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. बेळगाव-निपाणीकडून लोक तिथे जातील आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असेल. मोठ्या आखाड्यांना आपले म्हणणे प्रशासनापुढे मांडता येईल, मोठ्या संस्थांकडे वकील आहेत. ज्याला आखाडा नाही, न्यास नाही, मोबाइलही नाही, अशा एकट्या बैराग्याने आपले छायाचित्र कोणी घेतले, ते कुठे गेले आणि ते काढून टाका म्हणून कोणाकडे जायचे, याची एकही खिडकी आज कुठल्याही राज्यात नाही.